फक्कीची रेघ

मी अर्बन डिझाइनमध्ये मास्टर्स करणार, असं घरी जाहीर केलं तेव्हा बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "म्हणजे तू शहर डिझाइन करणार?"

"हो."

बाबा खिडकीतून खाली बघत म्हणाले, "पण ते तर झालंय की."

आमची खिडकी घाटकोपरच्या एका गल्लीवर उघडते. खाली दोन्ही कडांना स्कूटर, त्या स्कूटरना खेटून आणखी स्कूटर, त्यांच्यामधून वाट काढणारी माणसं, आणि माणसांमधून वाट काढणारी अजून एक स्कूटर. बाबांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण आर्किटेक्ट होऊन एका ऑफिसात मी टॉवरच्या बाथरूमची ड्रॉइंगं काढत होते, आणि अशी इतकी बाथरूम काढून झाली होती की स्वप्नातसुद्धा मला टाइल्स दिसायच्या. नोकरी सोडली आणि अंधेरीच्या एका कॉलेजात नाव घातलं. बाबा एवढंच म्हणाले, "शिक. पण एकदाच शिक. रिपीट-बिपीट नको."

आईनं माझ्या कोर्सचं आपल्या परीनं भाषांतर केलं. कोणी विचारलं की ती सांगायची, "रस्त्याचं शिकते." याचा परिणाम असा झाला की गल्लीतला प्रत्येक माणूस मला थांबवून तक्रारी सांगू लागला. गटाराचं झाकण वाजतं, खांबावरचा दिवा दिवसा पेटतो आणि संध्याकाळी विझतो, तुमच्या डिपार्टमेंटला सांग ना जरा. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका तर रोज सकाळी मला व्हॉट्सअ‍ॅपवर तुंबलेल्या गटाराचा फोटो पाठवायचे. खाली लिहायचे, शुभ प्रभात.

कॉलेजात मात्र मी आनंदानं वेडी झाले होते. हे कबूल करायला हवं, कारण पुढे शिकायला गेलेली माणसं सहसा किती सोसलं तेच सांगतात. मला तर रस्त्यावरून चालायलाच मजा यायला लागली. दुकानाची पायरी रस्त्यात किती येते, सावली कुठल्या बाजूला पडते, पाणीपुरीवाला नेमका कोपऱ्यावरच का उभा राहतो, हे बघत मी चालायचे आणि लोकांवर आदळायचे. फोमचं मॉडेल घेऊन मेट्रोत चढायचं म्हटलं की सिक्युरिटीच्या मशीनमध्ये ते मावायचं नाही. एकदा तिथल्या जवानानं वाकून आत बघितलं आणि विचारलं, "घर है?" मी म्हटलं, "गली है." त्यानं एकदा गल्लीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाला, "इतनी खाली?"

स्टुडिओत जोडीनं काम करायचं असतं. माझ्या जोडीला बोरिवलीचा एक मुलगा होता. आम्ही एकमेकांना पार्टनर म्हणायचो. हा पार्टनर म्हणजे तो पार्टनर नव्हे, हे आईला समजावण्यात एक अख्खा रविवार गेला. पार्टनर शाळेत असताना कबड्डी खेळायचा, अजून तसाच बोलायचा, म्हणजे श्वास न घेता. आम्हाला शिकवणारे सर याच्या अगदी उलट. सरांना एकच प्रश्न यायचा, "का?" तुम्ही रात्ररात्र जागून काढलेली शीट भिंतीवर लावायची, सरांनी चष्मा कपाळावर चढवायचा आणि म्हणायचं, "का?" एवढ्यावर धडधाकट मुलं रडलेली मी पाहिली आहेत.

आमचा विषय मीच सुचवला होता, आमचीच गल्ली. त्याचं कारण होत्या तळमजल्यावरच्या मालवणच्या मावशी. त्या रोज संध्याकाळी बाहेर यायच्या आणि कोणाच्या तरी स्कूटरच्या सीटला धरून उभ्याने गप्पा मारायच्या. गुडघे दुखले की या पायावरून त्या पायावर. स्कूटरचा मालक आला की पुढच्या स्कूटरला धरायचं. गल्लीतल्या बायकांचं सगळं सामाजिक जीवन असं दुसऱ्याच्या गाडीच्या आधारानं चाललेलं होतं. आमचं म्हणणं साधं होतं. सावलीच्या कडेच्या स्कूटर हटवा, तिथे एक रुंद पट्टा करा, बसायला बाक टाका.

भिंतीवर शीट लावून सगळ्यांसमोर द्यायची परीक्षा म्हणजे ज्युरी. पहिल्या ज्युरीत आम्ही आपटलो. म्हणजे सपशेल. आम्ही गल्लीचं मोठं सुंदर चित्र केलं होतं आणि त्यात इंटरनेटवरून उचललेली माणसं चिकटवली होती, सगळेच चिकटवतात. सर त्या चित्राजवळ गेले. ओव्हरकोट घातलेली एक गोरी बाई पांढऱ्या कुत्र्याला घेऊन आमच्या भाजीवाल्यासमोरून चालली होती. सरांनी तिच्यावर बोट ठेवलं.

"या कोण?"

"सर, त्या... युजर."

"घाटकोपरला कधी आल्या?"

अख्खा वर्ग फुटला. मीही हसले. सर म्हणाले, कागदावर माझा विश्वास नाही. खऱ्या गल्लीत, खऱ्या मापात करून दाखवा. एका सकाळपुरतं करा. माणसं येऊन बसली तर विषय मान्य, नाही बसली तर सेमिस्टर रिपीट. आणि ते बघायला एक्स्टर्नल येतील. एक्स्टर्नल म्हणजे बाहेरून येणाऱ्या परीक्षक मॅडम. त्यांना आम्ही कोणीच पाहिलं नव्हतं, पण त्यांचं नाव निघालं की वरच्या वर्गातली मुलं आवाज खाली आणून बोलायची.

रिपीट हा शब्द घेऊन मी घरी आले तेव्हा बाबा टीव्ही बघत होते. मी सरळ आत निघून गेले. भीती मात्र खरीखुरी वाटली, ती इथे सांगून टाकते.

मग आम्ही कामाला लागलो. सोसायट्यांच्या बोर्डांवर सूचना लावल्या, "नगररचना अभ्यासासाठी रविवारी सकाळी डाव्या कडेची वाहने हलवावीत, ही विनंती." सेक्रेटरी काकांना हातात नेऊन दिली. काकांनी ती वाचली, विनंती हा शब्द छान वापरलाय म्हणाले, आणि घडी घालून खिशात ठेवली. रविवारी सकाळी खाली उतरलो तर एकही स्कूटर हललेली नव्हती. उलट सूचना लावली होती बरोबर त्या बोर्डाखाली एक नवीन येऊन उभी होती.

"वाट लागली यार," पार्टनर म्हणाला. "पण रेघा तर मारू. निदान पट्टा कुठे आहे ते तरी दिसेल."

त्यानं बोरिवलीच्या आपल्या जुन्या क्लबातून पोतंभर फक्की आणली होती. कबड्डीचं मैदान आखतात ती पांढरी पूड. हाताला सवय असल्यामुळे त्यानं रेघ अशी सणसणीत ओढली की मी बघतच राहिले. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, स्कूटरच्या चाकांना घासून, कडेकडेनं, सरळ, पांढरीशुभ्र. मग गटाराच्या झाकणांभोवती एकेक चौकोन. मी मोबाइलवर फोटो काढत होते आणि नाचत होते. आमचं ड्रॉइंग जमिनीवर उतरलं होतं!

आता मुंबईत वाढलेल्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. रस्त्याच्या कडेला फक्की पडली की कोणीतरी मोठा माणूस येणार. आदल्या दिवसापर्यंत कचरा असलेल्या रस्त्यावर सकाळी पांढरी रेघ दिसली की समजायचं, साहेब निघाले. मी याच गल्लीत लहानाची मोठी झाले, पण दीड वर्ष ड्रॉइंगं काढून माझी अशी अवस्था झाली होती की पांढरी रेघ दिसली की मला प्लॅनच दिसायचा. पार्टनरला कबड्डीचं मैदान दिसत होतं. आणि गल्लीला काय दिसत होतं हे आमच्या दोघांच्या गावीही नव्हतं.

दूध घेऊन परतणारे सेक्रेटरी काका रेघेपाशी थबकले. पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"कोण येतंय?"

पार्टनर वाकलेला होता, तो मान वर न करता म्हणाला, "एक्स्टर्नल येणारेत, काका."

"एक्स्टर्नल?"

"हो ना. आज सगळं त्यांच्यावर आहे."

काका झपाझपा निघून गेले. मला वाटलं, प्रभावित झाले. ते झालेच होते. पुढच्या काही मिनिटांत गल्लीभर बातमी गेली की एक्स्टर्नल म्हणजे फॉरेनचं खातं, आणि त्या खात्याचे साहेब थेट दिल्लीहून आपल्या गल्लीत येतायत. इथे का येतायत, हे कोणी कोणाला विचारलं नाही. मोठ्या माणसाला 'का' विचारायचं नसतं. ते फक्त आमचे सर विचारत.

आणि स्कूटर हलू लागल्या! हाफपँटमधली माणसं चाव्या घेऊन धावत खाली आली. जी स्कूटर वर्षानुवर्षं एकाच जागी धूळ खात होती, जिच्या टायरात हवा नव्हती, ती दोघांनी उचलून नेली. आम्ही दोघं फळ्या आणि विटा घेऊन उभे होतो ते तसेच थक्क होऊन बघत राहिलो.

"सूचनेचा इफेक्ट," मी म्हटलं.

"झकास लिहिली होतीस तू," पार्टनर म्हणाला.

आम्ही विटांवर फळ्या टाकून बाक मांडले. कोणी विचारायला आलं नाही की हे काय चाललंय; उलट दोघा-तिघांनी हात लावला. कुणीतरी झाडू मारला. कुणीतरी वाजणारं झाकण दगड घालून गप्प केलं. एक ताई रांगोळीचा डबा घेऊन आली आणि आमच्या पट्ट्याच्या तोंडाशी कमळ काढून गेली. मला ते खटकलं, ड्रॉइंगमध्ये कमळ नव्हतं. मग उत्सव मंडळाची माणसं आली आणि त्यांनी दोन खांबांना त्यांचा तो कायमचा बॅनर बांधला, "मान्यवरांचे हार्दिक स्वागत." स्पीकर आला. माइक आला. "हॅलो, चेक, चेक" सुरू झालं.

तेव्हा कुठे मी सेक्रेटरी काकांना गाठलं. "काका, हे सगळं कशाला?"

"तू गप," काका कुजबुजले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. "तुझ्या ओळखीनं एवढा मोठा माणूस गल्लीत येतोय. बाबांना अभिमान वाटला पाहिजे."

मी पार्टनरकडे बघितलं. पार्टनरनं फक्कीच्या रेघेकडे बघितलं, मग बॅनरकडे, मग माझ्याकडे. आम्हाला एकाच वेळी कळलं. आणि मला हसू आलं. असलं हसू की मी जिन्याखाली जाऊन मीटरच्या पेटीला धरून हसले. पार्टनर खाली बसून हसत होता, पांढऱ्या हातांनी तोंड पुसून पुसून त्याचा जोकर झाला होता. "सांगूया?" मी विचारलं. "वेडी आहेस? रस्ता रिकामा झालाय!" तो म्हणाला. तेवढ्यात बाहेर टाळ्या वाजल्या.

पांढरी गाडी आली होती. अ‍ॅपवरची टॅक्सी, पण पांढरी. तिच्यातून आमचे सर उतरले, पांढरा झब्बा घालून. रविवार होता ना. त्यांनी पाय खाली ठेवायच्या आत काकांनी त्यांच्या गळ्यात हार घातला. मंडळाच्या अध्यक्षांनी शाल पांघरवली. नारळ हातात आला. ज्या माणसानं दीड वर्षात एकदाही आम्हाला बरं म्हटलं नव्हतं, तो माणूस नारळ धरून रांगोळीच्या कमळावर उभा होता आणि एका लहान मुलीकडून ओवाळून घेत होता.

"साहेब, दोन शब्द," काकांनी माइक पुढे केला.

सर माइककडे बघत राहिले. मला वाटलं आता म्हणणार, "का?" पण त्यांचा आवाज फुटला तो असा, "मी... मी कोणी नाही. मी फक्त शिकवतो."

गल्लीनं कडकडून टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "किती साधा माणूस, नाही?"

या सगळ्या गोंधळात बायका मात्र बाकांवर बसल्या होत्या. ठेवणीतल्या साड्या नेसून आलेल्या, साहेब आले म्हणजे मागून मंत्रीही येणार म्हणून वाट बघत बसलेल्या. बाक भरले म्हणून आणखी फळ्या आल्या. आई होती, मालवणच्या मावशी होत्या, दोन्ही पाय फळीखाली मस्त लांब करून बसल्या होत्या. पट्ट्याच्या मोकळ्या भागात पोरं पळत होती. माझं चित्र, ओव्हरकोटवाल्या बाईशिवायचं, जसंच्या तसं माझ्यासमोर हललं, बोललं, आणि मी खुशीनं हवेत होते.

"ए, रस्त्याचं शिकणारी. इकडे ये."

बाकावरून, मावशींच्या शेजारून हाक आली. खादीची साडी, मांडीवर कापडी पिशवी, हातात चहाचा कप. रिक्षातून कधी उतरल्या आणि कधी येऊन बसल्या, कोणाला पत्ता नव्हता. या एक्स्टर्नल होत्या. माझे पाय जमिनीवर आले.

"या मावशींनी मला सरकून बसायला सांगितलं. मंत्री येणार म्हणाल्या," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "मग मला सगळा उलगडा झाला. छान करमणूक आहे. पण हा प्रयोग नाही, हा सत्कार आहे. साहेबाच्या धाकानं मोकळा झालेला रस्ता म्हणजे डिझाइन नव्हे."

"मॅडम, आम्ही कोणाला खोटं सांगितलं नाही."

"मग आता खरं सांग. माइक घे. कोणी येणार नाही म्हणून सांग. त्यानंतर इथे कोण बसून राहतं ते मी बघते. त्यावर ठरवू."

म्हणजे आमचं अख्खं सेमिस्टर आता मी बोलेन त्या दोन वाक्यांनंतर बायका उठतात की नाही यावर होतं. मी माइकपर्यंत गेले. काकांचा फुललेला चेहरा दिसला. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत बाबा दिसले, इस्त्रीचा शर्ट घालून उभे. मला पळून जावंसं वाटलं.

"नमस्कार," मी म्हटलं. स्पीकर किंचाळला. "एक सांगायचंय. मंत्री-बिंत्री कोणी येणार नाहीये. हार घातलाय ते आमचे सर. एक्स्टर्नल म्हणजे आमच्या परीक्षक. त्या आल्यात, तिथे बसल्यात, चहा पितायत. ही फक्की आम्ही आमच्या अभ्यासासाठी मारली. तुमचा गैरसमज झाला. सॉरी."

मागून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे मी दाढी उगाच केली?" आणि हशा पिकला. काकांनी कपाळावर हात मारला. "अगं, मग शाल कोणाला दिली आपण?" सरांनी घाईघाईनं शाल काढून पुढे केली. "राहू दे हो," काका रडवेल्या आवाजात म्हणाले, "दिलेली परत घेत नसतात." मंडळवाले बॅनर सोडायला लागले. एकेक जण उठू लागला. आधी पुरुष गेले. आणि मग जे व्हायचं तेच झालं. गल्लीच्या तोंडातून पहिली स्कूटर परत आली.

समोरच्या इमारतीतला तरुण होता. रेघ ओलांडून तो थेट बाकापाशी आला आणि हॉर्न दिला. कडेच्या दोन बायका अर्धवट उठल्या. मी डोळे मिटून घेतले.

"मावशी, उठा ना. मंत्री नाय येत."

"आयाकलंय मी," मालवणच्या मावशींचा आवाज आला.

"मग उठा की. गाडी लावायचीय."

"हंय आमी बसलंव. तुजी गाडी खंय तरी दुसरीकडे लाव जा."

त्यानं पुन्हा हॉर्न दिला. मी डोळे उघडले. उठलेल्या दोन बायका परत बसत होत्या. सगळ्या मिळून जरा पसरूनच बसल्या, आईनं तर आपली पिशवीही शेजारी फळीवर ठेवली. तो मुलगा थोडा वेळ इंजिन गुरगुरवत राहिला, मग काहीतरी पुटपुटला आणि वळवून निघून गेला. त्याच्या मागून आलेल्यानं तर न विचारताच वळवली.

मॅडम मावशींकडे झुकल्या. "पण आता कोणी येणार नाही, मावशी. मग बसायचं कशाला?"

मावशींनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की मला परीक्षकांची दया आली.

"कोणी येवक कित्याक होया?" त्या म्हणाल्या. "आमी आसंव मां." कोणी यायला कशाला हवं, आम्ही आहोत ना.

मॅडमनी चहाचा एक घोट घेतला. पार्टनरनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की त्याची पांढरी बोटं माझ्या बाहीवर उमटली. तेवढ्यात सर आले, गळ्यात हार तसाच, काखेत नारळ. "मॅडम, वर यांच्या घरी बसू या का? निकालाचं बोलून घेऊ."

"छे हो," मॅडम म्हणाल्या. "उठले तर जागा जाईल. इथूनच सांगते. पास आहेत."

पार्टनरनं आरोळी ठोकली. खिडकीतून बाबांनी काय झालं म्हणून हात हलवला, मी दोन्ही अंगठे दाखवले, आई काही न कळताच टाळ्या वाजवायला लागली आणि तिच्यामागून सगळा बाक. कुठे टेकावं म्हणून मी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं, पण मला बसायला कुठे जागाच उरली नव्हती.